सीटला तेल पाजलं तेव्हा: एका सेडानच्या चामड्याचं प्रकरण

दहा वर्षं जुनी, युरोपीय बनावटीची सेडान. दुसऱ्या मालकाची. आतून फिकट बदामी चामडं, मधल्या पट्ट्याला बारीक भोकं. गाडीचा मुक्काम गगनबावड्याच्या बाजूला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या सगळ्यात ओल्या कोपऱ्यात. पावसाळाभर ती पत्र्याच्या शेडमध्ये जवळजवळ उभीच होती, आणि डिसेंबरातल्या एका थंड सकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गाड्यांची आतली सफाई करणाऱ्या आमच्या शेडमध्ये आली.

मालक साठीच्या पुढचे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी तक्रार एका दमात सांगितली: "सीटं कडक झाल्यात, हात लावला की चिकट लागतंय, शिलाईत पांढरी बुरशी बसलीय, आणि दार उघडलं की कुबट वास येतोय. मी खोबरेल पाजून बघितलं, दोन दिवस बरं वाटलं. तुम्ही ते कंपनीचं भारीतलं कंडिशनर मारा. चामडं तहानलंय."

या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार होते आणि औषध एकच मागितलं होतं. चारांपैकी एकाचाही उपाय कंडिशनर, म्हणजे चामडं मऊ राहावं म्हणून चोळायचं द्रव्य, नव्हता. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्यासाठीच.

तेल का पाजलं

अण्णांची कल्पना वेडगळ नव्हती. आमच्या भागात चामडं म्हणजे आधी पायताण. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्यावर कुठलाही प्लास्टिकचा लेप नसतो. ते उघडं असतं. तेल लावलं की खरोखर पितं, रंग गडद होतो, तळ मऊ पडतो, पायाला चावायचं थांबतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव आहे आणि तो बरोबर आहे. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ती चप्पल याच कातड्याची.

मोटारीच्या सीटचं चामडं बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेने आलेलं असतं. ते क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. मऊपणासाठी लागणारं तेल कारखान्यातच, ओल्या अवस्थेत, पाण्यात मिसळणाऱ्या रूपात त्याच्या धाग्याधाग्यात बसवलेलं असतं. त्यानंतर वरचा पोत घासून एकसारखा करतात, रंगाचा थर देतात आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पारदर्शक लेप. नुसतं लेदर म्हणून विकायचं तर हा सगळा लेप मिळून ०.१५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, अशी व्याख्या आहे. पातळ आहे खरा, पण आपला हात, घाम, जीन्स, ऊन आणि बाटलीतलं कंडिशनर या सगळ्यांची गाठ आधी त्याच्याशी पडते. खालच्या कातड्यापर्यंत फारसं काही पोचत नाही.

म्हणजे चांगल्या स्थितीतल्या सीटवर तेल लावलं तर ते आत जात नाही, वर बसून राहतं. बसून राहिलेल्या तेलावर धूळ बसते, धुळीवर घाम, आणि वर्षभरात सीटला जी तुकतुकी येते तिला लोक "चामडं पॉलिश झालं" म्हणतात. कारखान्यातून निघालेली सीट बहुधा निस्तेज, मॅट असते. चकाकी दिसली की ती मळाची समजावी. गिऱ्हाइकाला हे पटवणं मात्र धुण्यापेक्षा अवघड काम असतं.

आधी तपासणी

पहिला प्रश्न: यातलं चामडं किती? "लेदर सीट" लिहिलेल्या कित्येक गाड्यांत अंग टेकतं तेवढाच भाग चामड्याचा असतो. बाजू, पाठीमागचा भाग, दाराची गादी हे सगळं रंग जुळवलेलं रेग्झीन, म्हणजे कापडावर पीव्हीसी प्लास्टिकचा थर. बाहेरून बसवून घेतलेल्या कव्हरांत तर बहुतेकदा आर्ट लेदर किंवा कुठलंसं भारदस्त नाव आणि आत नुसतं रेग्झीनच. या गाडीत डोकं टेकायची उशी काढून तिच्या भोकाशी कापलेली कड पाहिली. मधल्या भागाला आतून कातड्याचे केसाळ तंतू होते. बाजूच्या पट्ट्याला विणलेलं कापड. बाजूचं सगळं रेग्झीन.

त्यातच पहिली तक्रार सुटली. दाबून पाहिलं तर चामडं मऊ होतं. कडक होतं ते बाजूचं रेग्झीन. पीव्हीसीला लवचीक ठेवणारा द्रव उन्हाने आणि वयाने निघून जातो. वर तेल चोळलं तर तो तेलात उतरून आणखी लवकर निघतो. तो परत भरणारं कुठलंही कंडिशनर बाजारात नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

दुसरी तपासणी पाण्याच्या थेंबाची. मागच्या सीटवर थेंब मण्यासारखा उभा राहिला: लेप शाबूत. चालकाच्या सीटच्या दाराकडच्या कडेवर, जिथे आत-बाहेर करताना मांडी घासते तिथे, थेंब काही सेकंदांत आत गेला आणि डाग गडद झाला. तिथला लेप झिजून कातडं उघडं पडलं होतं. खोबरेलही तिथेच प्यायलं गेलं होतं. तळहाताएवढा तपकिरी डाग त्याची साक्ष देत होता.

तिसरी गोष्ट शिलाईतल्या पांढऱ्याची. अण्णांच्या मते ती सगळी बुरशी. पुढच्या सीटच्या शिलाईवर बोट दाबून धरलं आणि पांढरं वितळून चकचकीत झालं. ते खोबरेल होतं! खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि त्या सकाळी आमच्या शेडमध्ये चांगलीच थंडी होती. मागच्या सीटच्या खाचेत आणि सीटबेल्टच्या पट्ट्यावर मात्र राखाडी-पांढरे, केसाळ ठिपके होते, ते वितळले नाहीत. ती खरी बुरशी. दोन्ही पांढरी, दोन्हींचे उपाय वेगळे.

राहिला वास. पुढच्या डाव्या सीटसमोरची चटई उचलून गालिच्याच्या कडेला हात घातला तर खालचा फोम ओलाच. पाऊस थांबून दोन महिने झाले होते, तेव्हा हे छतातून गळलेलं पाणी नसावं, असा अंदाज केला. एसीच्या बाष्पकाशी, म्हणजे हवा गार करणाऱ्या भागाशी, जमणारं पाणी बाहेर सोडणारी नळी मातीने बुजली होती आणि ते पाणी आत उतरत होतं. बुरशीला ओल लागते आणि खाणं लागतं. ओल नळीने पुरवली. तेल, घाम, लाडवाचे कण हे खाणं सीटवर तयारच होतं.

हे सगळं अण्णांना दाखवल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी तिला जेवायला घालत होतो." त्यावर आम्ही काही बोललो नाही.

सफाई

क्रम असा ठरवला: आधी पाणी थांबवायचं, मग बुरशी, मग तेल, मग मळ, आणि उरलंच तर कंडिशनर. हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत वाया जाते. ओल्या गालिच्याच्या गाडीत सीट कितीही धुतली तरी बुरशी परत उगवते.

एसीवाल्याने नळी मोकळी केली. गालिच्याखालचा फोम वाळवायला पंखे लावून दारं उघडी ठेवली. सीट काढल्या असत्या तर काम सोपं झालं असतं, पण सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात, ते एअरबॅगचे. बॅटरी चालू असताना ते ओढले तर पुढे डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो, आणि हा त्यातला सगळ्यात सौम्य परिणाम झाला. गालिच्याची कड उचलून भागत होतं, म्हणून सीट जागेवरच ठेवल्या.

बुरशी उघड्यावर काढली, मास्क लावून. कोरड्या ब्रशने झटकायची नाही. बीजं गाडीभर उडतात. बारीक फिल्टरच्या व्हॅक्यूमने आधी ओढून घेतली, मग पाणी घालून पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एकेक ठिपका पुसला. फडक्यावर, सीटवर नाही. अल्कोहोल लेपावर रेंगाळलं तर लेपच मऊ करतं, म्हणून पुसलं की लगेच कोरडं करायचं, आणि त्याआधी सीटच्या खालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघायचं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने अडकवला आणि सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून तसाच वाळू दिला. ओला पट्टा आत गुंडाळला की डाग आणि वास दोन्ही परत.

तेलाचं काम सगळ्यात किचकट. शेडमध्ये हीटर लावून सीट कोमट केल्या, इतपत की खोबरेल पातळ व्हावं. मग शिलाईवर कोरडं सुती फडकं दाबत गेलो. घासलं नाही, नुसतं दाबलं. घासलं की तेल धाग्यातून पुढे सरकतं. शिलाईतलं बरंचसं असं निघालं. उरलेल्यासाठी चामड्यासाठी मिळणारं तेलकाढू द्रावण, तेही फक्त शिलाई आणि डागापुरतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन यांचा सल्ला देणारे खूप भेटतात. अॅसिटोन सीटचा रंगच उतरवून फडक्यावर देतं.

मग मूळ सफाई. चामडं स्वभावाने आम्लधर्मी असतं, पीएच साधारण चारच्या आसपास. कपड्याचा साबण, धुण्याची पावडर, सोडा हे सगळं दुसऱ्या टोकाचं. एकदा लावलं तर जग बुडत नाही, पण पुन्हा पुन्हा लावत राहिलं की लेप चरचरतो आणि उघडं कातडं ताठरतं. म्हणून उदासीन पीएचचा लेदर क्लीनर घेतला. तो सीटवर फवारायचा नाही, मधल्या भोकांच्या पट्ट्यावर तर मुळीच नाही, कारण पाणी खाली फोममध्ये उतरतं आणि तिथे माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. स्पंजवर क्लीनर घेऊन पिळून फेस काढायचा आणि फक्त तो फेस वापरायचा.

एका वेळी वीतभर जागा. घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश, हलका हात, गोल फिरवत. पोताच्या खाचांतला मळ फेसात वर आला की ओलसर मायक्रोफायबरने उचलायचा, फडक्याची घडी बदलायची, पुढची वीत. फेस जागेवर वाळू द्यायचा नाही, नाहीतर उचललेला मळ परत तिथेच बसतो. भोकांच्या पट्ट्यावर ब्रशही जवळजवळ कोरडा.

पहिल्या वीतभर जागेनंतर आम्ही थांबलो आणि अण्णांना बोलावलं. स्वच्छ चौकोन आणि त्याच्या भोवतीचा भाग यांत सरळ दोन रंग दिसत होते. चौकोन फिकट, निस्तेज, हाताला कोरडा. बाहेरचं पिवळसर, चकचकीत, चिकट. "हे आता रुक्ष लागतंय की," ते म्हणाले. त्यांना गाल लावून बघा म्हटलं. गाल लावल्यावर त्यांचा विरोध मावळला, कारण ते रुक्ष नव्हतं, फक्त तेलकट नव्हतं. बोटांना वर्षानुवर्षं चिकटपणाची सवय झाली की स्वच्छ पृष्ठभाग कोरडा वाटतो.

स्टीअरिंगने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. तळहाताचा घाम, हाताचं क्रीम, उन्हाळ्यातलं सनस्क्रीन, सगळं तिथे साचतं. आणि अण्णांनी तेलही लावलं होतं, म्हणजे वळणावर हात सुटण्याची सोय करून ठेवली होती. घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी काळा, कठीण थर जमला होता. मेलामाइनचा पांढरा "जादूचा" स्पंज इथे सगळेच सुचवतात. तो काम करतो, कारण तो बारीक पॉलिश पेपर आहे. मळाबरोबर लेपही नेतो. फेस लावून मिनिटभर थांबणं आणि ब्रश फिरवणं, हेच पुन्हा पुन्हा करत थर उतरवला. पुसल्यावर स्टीअरिंग मॅट झालं आणि त्यावर पुढे काहीही लावलं नाही.

दोन डाग तसेच राहिले. चालकाच्या सीटवरची जीन्सची निळी झाक बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. नीळ लेपातच उतरली होती. मागच्या सीटवर नातवाने बॉलपेनने काढलेली आगगाडी होती. शाई ताजी असेपर्यंतच काही करता येतं. जुन्या शाईवर हेअरस्प्रे किंवा अल्कोहोल चोळलं तर आगगाडीचा ढग होतो. अण्णा म्हणाले, राहू दे. हा आमच्यासाठी सगळ्यात सोपा निर्णय होता.

कंडिशनरचा प्रश्न

सफाईनंतर झिजलेली कड उघडी पडली. तेलाने ती झाकली गेली होती; आता केसासारख्या भेगा आणि रंग गेलेला पट्टा स्पष्ट दिसत होता. अण्णांना वाटलं आमच्या धुण्याने झालं. आलेल्या दिवशीच काढलेला पाण्याच्या थेंबाचा फोटो दाखवला तेव्हा विषय मिटला. फोटो आधी काढायचा असतो तो यासाठीच.

इथे उघडं कातडं होतं, म्हणजे इथे तरी कंडिशनर आत जाणार होतं. पण नेमकं इथेच ते लावायचं नव्हतं. कड पुन्हा रंगवायची होती, आणि तेलकट किंवा मेणकट पदार्थ लावलेल्या कातड्यावर रंग धरत नाही, काही आठवड्यांत साल निघते. तेलाचा डाग पडलेला भाग पुन्हा पुन्हा तेलकाढू द्रावणाने पुसला, मग अगदी बारीक पॉलिश पेपरने भेगांच्या कडा मऊ केल्या, भेगांत लवचीक फिलर पातळ थरांत भरला, प्रत्येक थर वाळू दिला. रंग पाण्यात मिसळणारा, आधी स्पंजने ठोकून आणि मग एअरब्रशने. शेवटी मॅट लेप. पाठीच्या बाजूची शिलाई मात्र कागदी टेप लावून झाकली. त्या शिलाईखाली बाजूची एअरबॅग आहे आणि अपघातात तिने तीच शिलाई फाडून बाहेर यायचं असतं. फिलर किंवा जाड रंगाने ती शिलाई चिकटवून टाकणं हे सौंदर्याच्या नावाखाली केलेलं घातक काम आहे. त्याच कारणाने पाठीला गच्च आवळणारी, बाजूला एअरबॅगसाठी जागा न सोडणारी कव्हरंही नकोत.

उरलेल्या सीटवर काय लावलं? पाण्यावर आधारलेलं, तेल नसलेलं संरक्षक द्रव्य, फडक्यावर चार थेंब, आणि नंतर कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून. त्याचा उपयोग चामड्याला "पोसण्याचा" नाही. कपडा आणि लेप यांतलं घर्षण ते कमी करतं, जीन्सचा रंग थेट लेपाला भिडू देत नाही, आणि पुढच्या वेळी मळ लवकर सुटतो. एवढंच, पण दाराकडच्या कडेसाठी एवढंही पुष्कळ आहे. रेग्झीनच्या बाजूंना नुसतं ओलं फडकं. त्यांचा कडकपणा गेला नाही, जाणारही नव्हता, आणि हे बिल करण्याआधीच सांगितलं होतं.

घट्ट मलम किंवा तेलाचं कंडिशनर कुठे लागतंच नाही असं नाही. लेप नसलेलं किंवा नाममात्र लेप असलेलं अॅनिलीन चामडं काही महागड्या गाड्यांत येतं, आणि जुन्या, साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्यांच्या सीट खरोखर कोरड्या पडून तडकतात. तिथे ते हवं. थेंब आत जातो का, हे बघितल्याशिवाय बाटली उघडू नये.

नंतर

गाडी परत देताना अण्णांना सीटची तीनच कामं सांगितली. पंधरा दिवसांनी ओलसर फडकं, चालकाची कड आणि स्टीअरिंग यांना महिन्या-दीड महिन्याने क्लीनरचा फेस, आणि सगळ्या सीटची सफाई वर्षातून दोनदा, त्यातली एक पावसाळ्याच्या तोंडावर. पावसाळ्यात गाडी उभी असेल तर आठवड्यातून एकदा एसी लावून फेरी मारायची. एसी आतली हवा कोरडी करतो. नळी मोकळी आहे ना हे बघायला गाडीखाली पाणी ठिबकताना दिसलं पाहिजे. खाली कोरडं असेल तर ते पाणी आत कुठेतरी जातंय.

एप्रिलमध्ये ते पुन्हा आले. बुरशी नव्हती, वास नव्हता, रंगवलेली कड शाबूत होती. पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत चालकाच्या सीटच्या भोकांच्या पट्ट्यावर तेलाचे टिपके पुन्हा वर आले होते. भोकांतून खोबरेल खालच्या फोममध्ये गेलं होतं. हिवाळ्यात ते तिथे गोठून बसलं आणि गाडी तापल्यावर पातळ होऊन वर चढलं. वरून पुसून दिलं. मे महिन्यात परत आलं, परत पुसलं, प्रमाण आधीपेक्षा कमी होतं. कायमचा उपाय म्हणजे कव्हर उतरवून खालचा फोम बदलणं. त्याचा खर्च ऐकून अण्णांनी सीटवर एक सुती टॉवेल टाकला आणि पुढच्या उन्हाळ्यात बघू म्हणाले.